विश्लेषण : दुरुस्ती झाली, पण तुमच्या फोनपर्यंत पोहोचली का?

मुरूम हे धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील, कर्नाटकच्या सीमेजवळचे शहर. सोयाबीन, तूर, उडीद पेरणारा इथला शेतकरी आता पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, मग ती नोंद सातबाऱ्यावर चढते. पीकविमा असो, अतिवृष्टीची भरपाई असो वा हमीभावाची खरेदी, पुढे जागोजागी हीच नोंद पाहिली जाते. त्याच फोनवर बँक आहे, यूपीआय आहे आणि आधारचा ओटीपीही येतो. फोन मात्र अनेकदा स्वस्तातला, चार-पाच वर्षांचा, मुलाने नवा घेतल्यावर वडिलांकडे आलेला.

या फोनवरच्या ॲपबद्दल बरीच चर्चा होते. सर्व्हर डाऊन, लोकेशन चुकले, फोटो अपलोड होईना, या तक्रारी नेहमीच्याच. पण ॲपच्या खाली जी यंत्रणा चालते तिची डागडुजी कोण करते, किती वेळा करते आणि ती या फोनपर्यंत येते का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर काहीसे अस्वस्थ करणारे आहे.

कर्नल म्हणजे काय?

अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स नावाची कार्यप्रणाली तयार होऊ लागली. तिच्या धर्तीवर, पण कोड सर्वांना खुला ठेवून, फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले. आज त्याचा कोड सुमारे चार कोटी ओळींचा आहे. दुरुस्ती करणाऱ्यांतले बहुसंख्य आता निरनिराळ्या कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत. कोणी काय बदलले, हे मात्र जगातल्या कोणालाही पाहता येते.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कालव्यावर पाटकरी असतो, तसे त्याचे काम. एका शेतात किती वेळ पाणी सोडायचे, मग दार कुठे वळवायचे, पाळी नसताना कोणी पाणी घेत नाही ना, हे पाटकरी पाहतो. कर्नल प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी ॲपमध्ये अशीच वाटतो आणि एका ॲपला दुसऱ्याच्या मेमरीत शिरू देत नाही. पाटकऱ्यालाच कोणी फितवले तर सगळ्या लाभक्षेत्राचे काय होईल? कर्नलमधला दोष गंभीर मानला जातो तो याचमुळे. बँकेचे ॲप कितीही पक्के असले तरी खालचा कर्नल ताब्यात गेला की त्या पक्केपणाचा उपयोग उरत नाही.

एका दोषाचा प्रवास

नोव्हेंबर २०१७ मध्ये गुगलच्या सिझकॉलर या स्वयंचलित चाचणी यंत्रणेला अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये एक दोष सापडला. तो ‘बाइंडर’ या भागात होता. ॲप एकमेकांशी बोलतात ते बाइंडरमार्फत. दोषाचा प्रकार जुनाच आहे. मेमरीचा एक तुकडा मोकळा केला, पण त्याचा जुना पत्ता वापरात राहिला. गाळा सोडून गेलेल्या भाडेकरूकडे किल्ली राहावी आणि नव्या भाडेकरूने तिथे माल ठेवावा, तसे. किल्लीवाला कधीही आत येऊ शकतो.

दुरुस्ती मोजक्या ओळींची होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये ती झाली आणि लिनक्सच्या देखभाल शाखेत गेली. मात्र धोकादायक दोषांना जो सीव्हीई क्रमांक दिला जातो, तो याला तेव्हा मिळाला नाही. हजारो किरकोळ दुरुस्त्यांतली ती एक ठरली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये गुगलच्याच प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा पथकाने जाहीर केले, की हा दोष अनेक चालू फोनमध्ये तसाच आहे आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे संकेत आहेत. पथकाने दिलेल्या यादीत गुगलचा स्वतःचा पिक्सल २ होता, सॅमसंगचे एस७, एस८, एस९ होते. भारतात गावोगावी खपलेले शाओमीचे रेडमी ५ए, रेडमी नोट ५ आणि मी ए१ हे फोनही होते. आता त्याला क्रमांक मिळाला, सीव्हीई-२०१९-२२१५. संशय इस्रायलच्या एनएसओ या हेरगिरीची साधने विकणाऱ्या कंपनीकडे वळला. कंपनीने इन्कार केला.

या दोषाचा फायदा घ्यायला आधी फोनमध्ये एखादे घातक ॲप शिरावे लागते, असे तेव्हा समाधानाने सांगितले गेले. ते समाधान फार टिकले नाही. जानेवारी २०२० मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने गुगल प्ले स्टोअरवरची तीन ॲप उघडकीस आणली. त्यांपैकी ‘कॅमेरो’ हे फोटोचे म्हणून दाखवलेले ॲप हाच दोष वापरून फोनचा ताबा घेत होते.

म्हणजे उपाय ठाऊक होता, लिहिला गेला होता आणि जगाला दिसत होता. तरी जवळपास २० महिने तो या फोनमध्ये आला नव्हता. उलट, खुल्या कोडमध्ये दुरुस्ती दिसली की भोक कुठे होते तेही दिसते. दुरुस्ती पोहोचायला जितका उशीर, तितका हल्लेखोराचा फायदा.

रोजची देखभाल कशी चालते?

लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे नव्या गोष्टी घ्यायच्या. उरलेले सात-आठ आठवडे फक्त चुका निस्तरायच्या. हे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. बातम्या होतात त्या नव्या सुविधांच्या, पण वेळेचा मोठा वाटा डागडुजीला जातो.

प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीची पुढची निगा ‘स्टेबल’ शाखेत घेतली जाते. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेव्हिन हे तिचे मुख्य रखवालदार. जवळपास दर आठवड्याला ते दुरुस्त्यांचा नवा संच काढतात. या शाखेचे नियम कडक आहेत. दुरुस्ती आधी मुख्य कोडमध्ये झालेली असली पाहिजे. आजूबाजूच्या ओळी धरून ती १०० ओळींपेक्षा मोठी नसावी. ती प्रत्यक्षात त्रास देणाऱ्या चुकीची असावी, ‘असे झाले तर?’ या शंकेपोटी केलेली नको. दुरुस्तीसोबत चूक कोणत्या जुन्या बदलाने आली, कोणी कळवली, कोणी तपासली आणि कोण सही करून जबाबदारी घेतो, याच्या नोंदी असतात. फेरफाराच्या नोंदवहीसारखाच हा प्रकार, फक्त नक्कल काढायला रांग लावावी लागत नाही.

यापलीकडे एक अलिखित दंडक टोरवाल्ड्स वर्षानुवर्षे पाळत आले आहेत. कर्नल बदलल्यामुळे काल चालणारा प्रोग्रॅम आज बंद पडता कामा नये. पडला, तर चूक कर्नलची. त्या प्रोग्रॅमने आधी चुकीच्या गोष्टीवर विसंबायला नको होते, ही सबब चालत नाही.

चूक नेमकी कुठल्या बदलात, हे कसे कळते?

विहिरीपासून शेतापर्यंत पाइपलाइन आहे, मोटार चालू आहे, पण टोकाला पाणी नाही. जाणता माणूस प्रत्येक सांधा उकरत बसत नाही. मधला सांधा उघडतो. तिथे पाणी असेल तर गळती पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा मध्य.

लिनक्समध्ये नेमके हेच केले जाते. कोडचा इतिहास ‘गिट’ या साधनात असतो. तेही टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये लिहिले. गेल्या महिन्यातला कर्नल ठीक होता, आजचा बिघडला आणि मधे १०,००० बदल झाले, तर दर वेळी मधला कर्नल तपासत जास्तीत जास्त १४ चाचण्यांत दोषी बदल सापडतो. त्यासाठी कोड समजलाच पाहिजे असे नाही. ‘चालतो’ की ‘चालत नाही’ एवढे प्रामाणिकपणे सांगता आले तरी पुरते. जुन्या लॅपटॉपचे वायफाय किंवा प्रिंटर अपडेटनंतर बंद पडल्यावर अशा चिकाटीने दोषी बदल शोधून देणारे सामान्य वापरकर्ते या व्यवस्थेत मोलाचे मानले जातात.

दुरुस्तीच बिघडली तर?

तेही होते, आणि मोठ्या माणसाकडूनही होते. ‘डर्टी काऊ’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. तलाठ्याकडे मूळ सातबारा असतो; तुम्हाला मिळते ती नक्कल. नकलेवर पेनाने काय वाटेल ते लिहा, मूळ दप्तराला धक्का लागत नाही. कर्नलमध्ये मेमरीबाबत अशीच सोय आहे. दोन प्रोग्रॅम एकच प्रत वाचतात. कोणी लिहू लागला की त्याला वेगळी नक्कल करून दिली जाते. पण नक्कल तयार होण्याच्या त्या निमिषार्धात घाई केली, तर खाडाखोड मूळ प्रतीवरच होऊ शकत होती. साधा वापरकर्ता अशा वाटेने यंत्राचा मालक बनत असे.

टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ही फट बुजवायचा प्रयत्न केला होता. मात्र आयबीएमच्या एका प्रकारच्या मोठ्या संगणकांवर त्यामुळे अडचण आली आणि तो बदल मागे घ्यावा लागला. २००७ पासूनच्या आवृत्त्यांत फट उघडी राहिली. २०१६ मध्ये फिल ऑस्टर या अभियंत्याला सर्व्हरवरील हल्ल्याच्या नोंदींत तिचा वापर दिसला. ऑक्टोबरमध्ये टोरवाल्ड्स यांनी ती पुन्हा बुजवली आणि आपला अकरा वर्षांपूर्वीचा प्रयत्न वाईट होता, हे त्या दुरुस्तीच्या टिपणातच नमूद केले. पुढे २०१७ मध्ये कळले, की या नव्या दुरुस्तीतही एक कोपरा राहून गेला होता.

‘कालच अपडेट केले आणि आज फोन अडखळतो’ ही तक्रार त्यामुळे नेहमीच कांगावा नसते. पण त्यावर अपडेट बंद करून टाकणे म्हणजे एकदा खडी उडाली म्हणून रस्ताच दुरुस्त न करणे. खड्ड्यात मुरूम टाकून वरून रोलर न फिरवण्याची आपल्याकडची रीत इथे चालत नाही, हे खरे. तरी रोलर फिरवूनही कधीतरी कड खचते.

ज्यांच्या खांद्यावर हे ओझे आहे, त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. लिनक्स प्रणालींमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या साधनाची देखभाल मुख्यतः एकच माणूस करत होता. मदतीच्या नावाखाली आलेल्या कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याचा विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले, आणि त्याचा माग काढताना हे बिंग फुटले.

धाराशिव, कोलकाता आणि शेतकऱ्याचा ‘ऱ्’

देखभाल म्हणजे फक्त चोर रोखणे नव्हे. नावे बदलतात, देशांचे कायदे बदलतात, लिपीतल्या चुका लक्षात येतात. त्या सगळ्यामागे प्रणालीला धावावे लागते.

उस्मानाबादचे २०२३ मध्ये धाराशिव झाले. तेव्हा जुन्या पाट्या, शिक्के, दाखले यांचे काय, हा प्रश्न कार्यालयांना पडला. संगणकाच्या दुनियेत असा प्रश्न कलकत्त्याच्या वेळी आला होता. जगभरची घड्याळे ज्या खुल्या टाइमझोन संग्रहावर चालतात, त्यात भारतीय वेळेचे नाव ‘एशिया/कलकत्ता’ होते. ते ‘एशिया/कोलकाता’ झाले. पण जुने नाव पुसले नाही, नव्याकडे वळवणारी पाटी म्हणून ठेवले. आजही एखादा जुना प्रोग्रॅम कलकत्ता विचारतो आणि त्याला बरोबर वेळ मिळते. हा संग्रह सांभाळणाऱ्यांची खरी परीक्षा मार्च २०२३ मध्ये झाली. लेबनॉन सरकारने घड्याळे एक तास पुढे करण्याचा दिवस ऐनवेळी लांबवला आणि वाद होताच काही दिवसांत निर्णय फिरवला. संग्रहाची एक आवृत्ती निघाली आणि पाच दिवसांत ती फिरवणारी दुसरी.

मराठीचे दुखणे आणखी जवळचे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. हा फरक हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोडमध्ये हा ‘ऱ्’ दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. एका रीतीने टंकलेला ‘शेतकऱ्यांना’ दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडेलच असे नाही. कुऱ्हाडे किंवा गोऱ्हे आडनावाच्या माणसाचे नाव यादीत असून ‘नाही’ म्हणून सांगितले जाऊ शकते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन्ही रूपे एक मानण्याची तजवीज करायला हवी. ती आपोआप होत नाही.

अक्षराचा आकार काढण्याचे काम ‘हार्फबझ’ हे खुले साधन करते. ते अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ दिसण्यासाठी टंकात तसा नियम लागतो आणि मजकूर मराठी आहे हे ॲपने सांगावे लागते. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी यासाठीचे बरेच काम पुण्यात झाले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने दिलेले ‘लोहित’ टंक रेड हॅट या कंपनीने मुक्त परवान्याखाली आणले. २०११ मध्ये तो परवाना आणखी मोकळा केला. त्यानंतर त्या टंकांतली जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांच्या चुका वर्षानुवर्षे एकेक करून निस्तरल्या गेल्या. असल्या दुरुस्तीचा उद्घाटन सोहळा होत नाही.

फोनपर्यंत यायला उशीर का?

साखळी लांब आहे. मूळ लिनक्समधली दुरुस्ती गुगल अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये घेते. तिथून ती क्वालकॉम, मीडियाटेकसारख्या चिप बनवणाऱ्यांकडे जाते. चिप कंपन्यांनी कर्नलमध्ये स्वतःची भर घातलेली असते, तिच्याशी मेळ बसवावा लागतो. मग फोन कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी चाचणी घेते. महागड्या मॉडेलला आधी, स्वस्ताला नंतर, आणि दोन-तीन वर्षांनी कधी कधी कोणालाच नाही.

ही साखळी आखूड करण्याचे प्रयत्न झाले. २०१७ मध्ये ‘ट्रेबल’ ही रचना आली, पुढे अँड्रॉइड १२ च्या काळात सर्व कंपन्यांसाठी एकच गाभा ठेवण्याची योजना आली. प्ले स्टोअरमार्फत प्रणालीचे काही भाग परस्पर बदलता येऊ लागले; कर्नल मात्र त्यात नाही. काही कंपन्या आता वरच्या श्रेणीच्या फोनना सात वर्षे अपडेट देण्याचे वचन देतात. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला, की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत.

त्याच वेळी उगमाशी मुदत आखडली. कर्नलच्या दीर्घ मुदतीच्या शाखा २०१७ पासून सहा वर्षे सांभाळल्या जात होत्या. २०२३ मध्ये ही मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे ठरले. जुन्या शाखा फारसे कोणी वापरत नाही आणि सांभाळणारे थकले, हे त्यामागचे कारण. कंपन्यांनी नव्या शाखेवर यावे, असा त्याचा अर्थ. बाजारातला स्वस्त फोन मात्र ज्या शाखेवर विकला जातो, सहसा त्याच शाखेवर म्हातारा होतो.

आपल्या फोनचे कसे तपासायचे?

सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ आणि त्यात ‘अँड्रॉइड आवृत्ती’ उघडा. कंपनीनुसार नावे थोडी बदलतात. तिथे ‘सुरक्षा अपडेट’ची तारीख दिसते. तारखेचा शेवट ०१ असेल तर वरच्या भागाच्या दुरुस्त्या आल्या आहेत, ०५ असेल तर कर्नल आणि चिपच्याही. बाइंडरच्या त्या दोषासाठी २०१९-१०-०६ ही तारीख ठरली होती. फोनवरची तारीख त्याआधीची असेल आणि मॉडेल त्या यादीतले असेल, तर ती किल्ली अजून फिरते आहे असे समजावे.

तिथेच ‘कर्नल आवृत्ती’ असते, उदाहरणार्थ ५.१०.१९८. पहिले दोन आकडे शाखा सांगतात. तिसरा आकडा म्हणजे त्या शाखेला झालेल्या देखभालीच्या फेऱ्या; इथे १९८. वर्षभराने पाहिले आणि तिसरा आकडा हललाच नसेल, तर कर्नलची देखभाल तुमच्या फोनपर्यंत येणे बहुधा थांबले आहे.

अशा फोनवर ई-पीक पाहणी जरूर करता येईल. पण व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’ अशा नावांनी फिरणाऱ्या एपीके फाइल त्यावर उघडणे नव्या फोनपेक्षा जास्त महागात पडू शकते, कारण आत शिरलेल्या ॲपला अडवणारा पाटकरीच जुना आहे. घरात नवा फोन असेल तर यूपीआय आणि बँकेचा ओटीपी तिकडे हलवावा. जुन्या फोनवर ठेवावेच लागले तर त्या खात्यात मोजकीच रक्कम राहू द्यावी आणि बँकेकडून व्यवहाराची कमाल मर्यादा कमी करून घ्यावी. जुन्या फोनसाठी स्वयंसेवकांनी चालवलेली लिनिएजओएससारखी खुली प्रणालीही असते, पण ती टाकताना फोनचे कुलूप मोडावे लागते आणि नंतर बँकेची काही ॲप चालायला नकार देतात.

नवा किंवा वापरलेला फोन घ्यायला उमरग्याच्या वा सोलापूरच्या दुकानात जाणाऱ्याने कॅमेरा आणि बॅटरीसोबत एक प्रश्न विचारावा : या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? दुकानदाराला ते ठाऊक नसण्याची शक्यता बरीच आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर मात्र मॉडेलनिहाय यादी असते.